कामानिमित्त कोकणात फिरताना हॉटेलात काय जेवावं, आणि किती वाजता

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. तुम्ही पुण्याच्या. शाखांच्या अंतर्गत तपासणीचं काम करता आणि महिन्यातले बारा-पंधरा दिवस चिपळूण ते सावंतवाडी या पट्ट्यात असता. जेवणाचा भत्ता दिवसाला 600 रुपये. गेल्या चार महिन्यांत तीनदा पोट बिघडलं, तिन्ही वेळा मुक्कामी उशिरा पोहोचून साडेदहाच्या पुढे जेवल्यावर. मालवणी मसाला सोसत नाही असं धरून आता तुम्ही रात्री फक्त फ्राइड राइस, सँडविच आणि सोलकढी घेता, तरी तिसऱ्यांदा त्रास झालाच. शिवाय एकटीने डायनिंग हॉलमध्ये बसायला नको वाटतं, शाखेतली मंडळी जेवायला नेण्याचा आग्रह करतात आणि ऑफिसातून बिलं परत येतात.

मी हॉटेलांचे डीप फ्रीजर, कोल्ड रूम आणि बर्फाचे कारखाने दुरुस्त करतो. या कामाला बावीस वर्षं झाली. महिन्यातले वीस दिवस याच रस्त्यावर असतो, त्यामुळे हॉटेलचं जेवण मी टेबलावरूनही बघतो आणि किचनच्या मागच्या दारातूनही. त्या अनुभवावरून सांगतो, मसाल्याला दोष देऊ नका. काय जेवलात यापेक्षा किती वाजता जेवलात आणि तोच पदार्थ त्या वेळी आणखी किती जण खात होते, यावर पोट जास्त अवलंबून असतं. आणि तुम्ही जपून म्हणून जे तीन पदार्थ निवडलेत, तेच रात्री साडेदहाला सगळ्यात जोखमीचे आहेत.

छोट्या गावातल्या हॉटेलच्या किचनचा दिवस कसा जातो ते बघा. सकाळी दहाच्या सुमारास खोबरं-कांदा भाजून वाटण होतं. बाराला भात उतरतो. एक ते अडीच गर्दी. मग तीन ते सात किचन जवळजवळ झोपलेलं असतं, पण दुपारचा भात, उरलेली आमटी, चटणी, सोलकढीचा जग तिथेच ओट्यावर असतो. संध्याकाळी सातनंतर पुन्हा भात लागतो, आठ ते साडेनऊ दुसरी गर्दी. दहा वाजले की शेगड्या बंद करून भांडी घासायला जातात. साडेदहाला तुम्ही दारात उभ्या राहिलात तर कोकणातला माणूस तुम्हाला उपाशी पाठवणार नाही. तो जे शिल्लक आहे ते गरम करून देणार. त्याच्या मनात खोट नसते, आपलेपणाच असतो. पण ते अन्न कधी शिजलं आणि तेव्हापासून कुठे होतं, हे त्या घडीला त्यालाही नीट सांगता येत नाही.

शिजलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात. कोकणातल्या किचनचं तापमान बाराही महिने याच पट्ट्यात, वर दमट हवा. फ्राइड राइस बहुतेक ठिकाणी आधी शिजवून ठेवलेल्या गार भाताचाच होतो, कारण ताजा भात तव्यावर चिकटतो. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि भात तासन् तास बाहेर राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात. भात पुन्हा तव्यावर परतला तरी ते विष नाहीसं होत नाही. अर्ध्या तासापासून सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. सँडविचमधली काकडी, टोमॅटो आणि हिरवी चटणी तर शेगडी बघतच नाहीत.

राहिली सोलकढी. मला ती प्राणप्रिय आहे, म्हणूनच तिच्याबद्दल जरा जास्त बोलतो. सोलकढी शिजवत नाहीत. खवलेला नारळ, पाणी, आगळ म्हणजे कोकमाचा रस, लसूण, मिरची, मीठ. म्हणजे ज्या पाण्यात नारळ वाटला आणि ज्या हाताने तो पिळला, ते दोन्ही थेट तुमच्या पोटात. आगळाच्या आंबटपणामुळे ती थोडी तग धरते, पण नारळाचं दूध शेवटी नारळाचं दूध आहे. दुपारी बाराला काढलेली सोलकढी फ्रीजमध्ये न जाता रात्रीपर्यंत राहिली तर ती प्यायची नाही, मग हॉटेल कितीही नावाजलेलं असो. वेटरला सरळ विचारा, ‘दादा, कढी आत्ताची की दुपारची?’ हा प्रश्न इथे कुणाला लागत नाही, घरोघरी विचारतात. ताजी असेल तर लसणीचा आणि ओल्या नारळाचा वास आधी येतो. खवट किंवा आंबूस वास आला तर वाटी बाजूला ठेवा. सकाळच्या नाश्त्याला बाऊलमध्ये मांडलेल्या खोबऱ्याच्या चटणीलाही हेच लागू. घावन तव्यावरून ताटात येतं, ते निर्धास्त खा. चटणी ताजी वाटलेली दिसली तरच घ्या, नाहीतर गुळासोबत किंवा चहासोबत घावन तितकंच छान लागतं.

आता माझ्या कामाची बाजू. काही वर्षांपूर्वी जुलैत एका तालुक्याच्या गावी, चांगलं नाव असलेल्या हॉटेलात, फ्रीजर ‘कमी थंड करतोय’ म्हणून बोलावलं होतं. आदल्या दुपारी तारांवर झाड पडून वीज गेली होती, मी पोहोचायच्या दोन तास आधी परत आली होती. झाकण उघडलं तर वरवर सगळं ठीक, भिंतींवर पांढरा बर्फ. कडेचे सुरमईचे तुकडे दगडासारखे कडक. मधल्या थरात बोट दाबलं तर खड्डा पडला. थर्मामीटरची सळई दोन तुकड्यांच्या मधे घातली, आकडा 9 अंशांवर थांबला. तिथे उणे 18 हवं. जनरेटर रात्रभर चालू होता, पण त्याच्यावर खोल्या, लिफ्ट आणि रिसेप्शन होतं. फ्रीजरची लाइन त्याच्यावर टाकलेलीच नव्हती. मालक माझ्या शेजारी उभे होते, त्यांनाही ते तेव्हाच कळलं. त्यांनी एक शब्द न बोलता सगळा मासा फेकायला लावला आणि संध्याकाळच्या आत वायरमन बोलावून लाइन बदलून घेतली. सगळे असं करत नाहीत. आणि वितळून परत गोठलेला तो मासा मसाला लावून, रव्यात घोळवून तळला असता, तर ताटात कुणाला ओळखू आला नसता.

भरलेला डीप फ्रीजर न उघडता ठेवला तर दीड-दोन दिवस थंडी धरतो. पण हॉटेलात तो दर दहा मिनिटांनी उघडतो, म्हणून तिथे हा हिशेब धरायचा नाही. पावसाळ्यात खोली बुक करताना ‘जनरेटर आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘जनरेटरवर किचनचा फ्रीजर आहे का’ असं विचारा. उत्तर देणाऱ्याला माहीत नसेल आणि वीज सकाळपासून गेलेली असेल, तर त्या रात्री मासे-मटण नको. वरण-भात, अंड्याची पोळी, गरम भाकरी आणि उसळ मागवा.

माशाबद्दल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, म्हणजे आपल्याकडे बंदी चालू असताना तिकडचा समुद्र उघडलेला असतो आणि तिथला मासा बर्फात घालून पश्चिमेकडे येऊ शकतो. म्हणून जुलैत मेनूकार्डावर ‘ताजी सुरमई’ लिहिलेलं असेल तर ती फ्रीजरची किंवा लांबून आलेली समजा. ती वाईटच असेल असं नाही, पण ताजी म्हणून जास्त पैसे मोजू नका. या दोन महिन्यांत खाडीचा मासा, कुर्ल्या, सुकट, सुके बांगडे असतात, आणि खानावळीत टाकळा, भारंगी, फोडशी, अळू अशा पावसाळी भाज्या मिळतात. त्या आवर्जून खा.

इतर महिन्यांत नियम एकच, मोठ्या माशाच्या मागे लागू नका. सुरमई, पापलेट बाहेरच्या पाहुण्याला लागतं म्हणून हॉटेलवाला ते साठवून ठेवतो. बांगडा, तारली, सौंदाळे, मांदेली हा त्या दिवसाचा मासा, आला तसा संपतो आणि स्वस्तही असतो. कुडाळला एका छोट्या हॉटेलात मी सुरमई थाळी सांगितली, तेव्हा वाढणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी वाकून हळूच सांगितलं, ‘सायबानू, आज सुरमय नको. बांगडो ताजो आसा, सकाळचो.’ तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आलं, सोबत उकड्या तांदळाचा भात. त्या दिवसापासून मी कुठेही आधी माशाचं नाव घेत नाही. ‘आज काय ताजं आहे?’ एवढंच विचारतो आणि जे उत्तर येईल ते मागवतो. वाढणाऱ्याला आपण त्याच्यावर विश्वास टाकला हे कळतं, आणि तो सहसा फसवत नाही.

वारांकडेही लक्ष ठेवा. इथे बरीच माणसं सोमवारी, गुरुवारी, शनिवारी वार पाळतात. श्रावणात, गणपतीत, मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर मासे खाणारे आणखी कमी. त्या दिवशी किचनमधला मासा पडून राहतो. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे खा आणि वाराच्या दिवशी गावाबरोबर शाकाहारी जेवा. त्या दिवशी भाजी-आमटीकडे जास्त लक्ष दिलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ मिळाली तर दुसरं काही मागवूच नका.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण तिच्याबद्दल फार गैरसमज आहे. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे पकडल्यानंतर पुरेसे थंड राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही. असा मासा तोंडात कधी कधी मिरीसारखा चुरचुरतो. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं, छातीत धडधड, जुलाब असं होतं. लोक म्हणतात ‘मला माशाची अ‍ॅलर्जी आहे’ आणि आयुष्यभर मासा सोडतात, पण कित्येकदा दोष त्या एका माशाच्या साठवणुकीचा असतो. असं झालं तर डॉक्टरकडे जा, काय खाल्लं ते सांगा. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर वाट न बघता दवाखाना गाठा. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांबद्दल एवढंच, शिजून न उघडलेला शिंपला तसाच बाजूला काढून ठेवायचा.

आता मुख्य उपाय. मुक्कामी पोहोचून जेवायचं हा आग्रह सोडा. महामार्गाचं काम, घाटातला पाऊस, गाड्यांचं पावसाळी वेळापत्रक, यात साडेआठला पोहोचू म्हणणारा माणूस साडेदहाला पोहोचतो, हे मी रोज बघतो. आठ वाजता तुम्ही हातखंबा, लांजा, राजापूर, तळेरे, कणकवली यांपैकी जिथे असाल तिथेच उतरून जेवा. जिथे एसटी आणि ट्रकवाले थांबतात, गल्ला हलता आहे, भाताचं भांडं दुसऱ्यांदा चढलंय, अशी जागा निवडा. टेबलावरचा रेक्झिन फाटका असला तरी चालेल. मी फ्रीजर उघडून बघतो त्यांत अशा ठिकाणचे फ्रीजर बऱ्याचदा अर्धे रिकामे असतात, कारण माल राहतच नाही. थांबणं शक्यच नसेल तर दुपारी चारला मुक्कामाच्या हॉटेलला फोन करून किचन कधी बंद होतं ते विचारा आणि जेवण आधी सांगून ठेवा. तेही जमलं नाही तर साडेदहाला गरम दूध, उकडलेली अंडी, केळी. बॅगेत शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि ओआरएसच्या चार पुड्या कायम असू द्या. पोट बिघडलंच तर त्या कामाला येतात, मात्र ताप आला, रक्त पडलं किंवा पाणीही पोटात ठरेना तर पुडीवर भागवू नका.

बिलांचं लवकर आटोपतो. तुम्ही राहता तशा साध्या हॉटेलांत, म्हणजे खोलीचं भाडं दिवसाला 7500 रुपयांच्या आत असलेल्या ठिकाणी, जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो. खोल्यांचं भाडं त्याच्या वर गेलेल्या मोठ्या हॉटेलांत जेवणावर 18 टक्के. कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेतलं हॉटेल गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊच शकत नाही आणि तसं त्याच्या बिलावर छापलेलं असतं. ते बिल अपुरं नाही, हे अकाउंट्सवाल्यांना समजावून सांगा. जेवणाच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, तुमच्या कंपनीला एरवीही मिळत नाही, त्यामुळे त्यावर कंपनीचा जीएसटी नंबर नाही म्हणून बिल परत पाठवण्यात अर्थ नाही. जेवण खोलीच्या बिलात चढवू नका, रेस्टॉरंटचं वेगळं बिल घ्या. त्यावर 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर बघा, 1 जानेवारी 2022 पासून तो छापणं बंधनकारक आहे. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. खानावळीत छापील बिल नसेल तर कॅश मेमोवर शिक्का आणि तारीख घ्या. 600 रुपये इथे पुरतात. दुपारी खानावळीत साधी थाळी, रात्री बांगडा किंवा अंड्याची थाळी, आणि वर दोन वेळचा चहा सहज बसतो. सुरमई मात्र रोज बसत नाही.

शाखेतल्यांच्या आग्रहाचं काम नाजूक आहे. तुम्ही त्यांचीच वही तपासायला गेलेल्या असता, त्यांच्या पैशाने जेवायचं नाही हे पक्कं ठेवा. पण ‘नको, मला भूक नाही’ म्हणू नका, माणसं दुखावतात. असं म्हणा, ‘नियमामुळे माझं बिल मी देणार, पण इथली चांगली खानावळ तुम्ही दाखवा.’ बहुतेक वेळा शाखेचा शिपाई तुम्हाला एखाद्या काकींच्या घरगुती खानावळीत नेतो, जिची पाटीही रस्त्यावरून दिसत नाही. बारा-पंधरा माणसांचा स्वयंपाक, दीडला सगळं संपतं, फ्रीजमध्ये ठेवायला काही उरत नाही. माझ्या माहितीत याहून सुरक्षित जेवण कोकणात नाही. चहा आणि शहाळं मात्र नाकारू नका.

एकटीने बसण्याबद्दल. माझी धाकटी बहीण औषध कंपनीत आहे, याच रस्त्यावर फिरते, तिच्याकडून शिकलेलं सांगतो. खोली घेतानाच विचारा की परमिट रूम आणि जेवणाचा हॉल वेगळा आहे का. एकच असेल तर दुसरं हॉटेल बघा, शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालेल. साडेसात-आठला जेवायला उतरा. त्या वेळी कुटुंबं बसलेली असतात, आणि किचनचीही तीच उत्तम वेळ. काउंटरजवळचं, भिंतीला पाठ येईल असं टेबल मागा. रूम सर्व्हिस टाळा, कारण झाकून वर आणलेलं ताट जिन्यात आणि दाराबाहेर थांबतं, आणि गरम काय नि गार काय ते कळेनासं होतं. वाढणाऱ्याचं नाव विचारून ठेवा, निघताना दहा-वीस रुपये त्याच्या हातात द्या. तिसऱ्या फेरीला तो तुमची वाट बघत असतो आणि कढी दुपारची असेल तर न विचारता सांगतो.

पुढच्या आठवड्यात तुम्ही कुडाळला आहात असं लिहिलंय. निघायच्या दिवशी चारला हॉटेलला फोन लावा. ‘आठला पोहोचते, एक थाळी ठेवा, मासा आजचा असेल तो, भात रात्रीचा लावलेला, कढी ताजी असेल तरच.’ कणकवलीला साडेसात वाजून गेलेले दिसले तर पुन्हा फोन करून थाळी रद्द करा आणि तिथेच जेवून घ्या.